पन्नाशी उलटलेला 'काका' तीन नवशिक्या पोरांना जिवंत का सोडेल?

खाडीकाठची_सई (ऐरोली)

मंडळी, अडलेय. सध्या मी एक मराठी कॉमिक रचतेय, महाकाय रोबोंचं. जागा लांबची नाही: ऐरोलीचा पूल, खाली खाडी, समोर मुलुंडचे टॉवर, पाठीशी पारसिकचा डोंगर. अठरा-अठरा मीटर उंच तीन रोबो आणि आत तीन पोरं. थोरली एकोणीसची, धाकटा पंधराचा. शिकवणी झालीय ती चालता-थांबता येईल इतपतच. समोर रोबो एकच, पण आतला माणूस पंचावन्नच्या घरातला आणि उभी हयात लढाईत गेलेली. रेडिओवर एकमेकांचं बोलणं ऐकू येतं, आणि धाकटा सवयीने त्याला "ओ काका" म्हणून बसतो. तेव्हापासून त्याचं नाव काकाच.

तर पान ३१ वर काकाने तिघांनाही कोंडीत पकडलंय. सरळ हिशेब केला तर पान ३२ वर तीन तसबिरी आणि तीन हार. मला ते नकोय, पुढची गोष्ट त्यांचीच आहे. धाकट्याच्या डोळ्यांत एकदम तेज येतं, असं एक रेखाटन करून पाहिलं. ऐनवेळी काकाचं हत्यार अडकतं, असं दुसरं. भावाने दोन्ही वाचली आणि म्हणाला, "अंपायर फोडून जिंकलेली मॅच वाटते."

गंडम या जपानी रोबो-कार्टूनची १९७९ ची मूळ मालिका मी रांबा राल संपतो तिथपर्यंत पाहिलीय. गंडम नावाचा रोबो चालवणारा पंधरा वर्षांचा आमुरो शत्रूच्या त्याच्यासारख्या मुरलेल्या सैनिकाच्या हातून वाचतो, वर त्याचा गूफ हा रोबोही तोडतो, आणि तरी मला कुठे फसवल्यासारखं वाटलं नाही. का वाटलं नाही, ते काही हाताला लागत नाहीये. कोणी सांगेल का? पुढचे भाग शक्यतो फोडू नका.

नौपाड्याचा_झाकू (ठाणे)

सई, "डोळ्यांत तेज" हा प्रकार मूळ मालिकेतही आहे बरं का, न्यूटाइप म्हणतात त्याला. पण दिग्दर्शक तोमिनोने तो बराच काळ हातचा राखून ठेवलाय. राल समोर असताना आमुरोकडे चांगला रोबो आणि वाईट स्वभाव, एवढंच भांडवल होतं. आठव ना, त्याच सुमारास तो रुसून गंडम घेऊन पळून गेलेला असतो.

तुझ्या पान ३१ साठी मात्र मी गंडमचीच दुसरी मालिका सुचवेन: '०८वी एमएस टीम', १९९६ पासून आलेली. तिचा दहावा भाग बघ. (एवढं एक फोडतो, माफ कर. त्याशिवाय उत्तर देता येत नाही.) नॉरिस पॅकार्ड नावाचा जुना खोंड एकटा गूफ कस्टम घेऊन पडक्या शहरात उतरतो. समोर शिरो अमादाचं अख्खं पथक. तो त्यांना अक्षरशः नाचवतो. केरनचा रोबो लोळवतो, सँडर्सचा लोळवतो, पण कोणाला संपवायला थांबत नाही. कारण तो त्यांच्यासाठी आलेलाच नाही. त्याला हव्यात मागच्या तीन गनटँक. त्या तोफा गप्प झाल्या तरच जखमींना घेऊन निघालेलं त्याच्या बाजूचं जहाज वर जाऊ शकेल. शेवटी शिरो त्याला कापतो, पण तेवढ्यात त्याने तिसरी गनटँकही उडवलेली असते. मेला नॉरिस. जिंकलंही नॉरिसच. पथकातली पोरं वाचली, ती या सगळ्यात त्याच्या वाटेत उभी होती म्हणून. त्याचं लक्ष्य ती नव्हती.

याच्या उलट बघायचं असेल तर १९८९ ची 'वॉर इन द पॉकेट', सहाच भाग. तिथे नवशिका झिऑनच्या, म्हणजे शत्रूच्या बाजूला आहे. बर्नीकडे मोडतोडीतून उभा केलेला झाकू (झिऑनचा साधा रोबो), समोर नवाकोरा गंडम अ‍ॅलेक्स. उघड्यावर भिडला तर दोन मिनिटंही टिकणार नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. म्हणून तो झाडी निवडतो, धूर सोडतो, सुरुंग पेरतो, आणि भुलवायला नाताळच्या म्हाताऱ्याचा मोठा फुगा उभा करतो. शेवट सांगत नाही. रुमाल जवळ ठेव.

आणि १९९१ ची 'स्टारडस्ट मेमरी' फक्त गाटो या कसलेल्या शत्रू पायलटसाठी बघ. पहिल्याच भागात तो अण्वस्त्र बसवलेला गंडम तळावरून उचलून नेतो. कोऊ उराकी त्याला अडवायला धावतो आणि गाटो त्याला शत्रू म्हणून मोजतसुद्धा नाही. नवशिक्याचा त्याहून मोठा अपमान मी पाहिलेला नाही. (माझ्या कपाटात १/१४४ मापाचे दोन गूफ उभे आहेत. घरच्यांच्या लेखी एकच, दुसरा पुस्तकांच्या मागे असतो.)

कोलशेतचा_फिटर (ठाणे)

नमस्कार सईताई. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो. उडवणारे साहेब वेगळे, आम्ही विमान परत आलं की त्याच्या पोटाखाली शिरणारे. नातवाने ही मालिका दाखवली तेव्हा तो चेहरे बघत होता आणि मी सांधे. त्यामुळे माझ्या उत्तराला ग्रीसचा वास येईल.

तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं नाही, याचं कारण पहिल्याच भागात आहे. आमुरो माहितीपुस्तिका चाळत रोबोत चढतो. त्याला धड उभंही राहता येत नसतं, तेवढ्यात झाकूची १२० मिलिमीटरची गन त्याच्यावर रिकामी होते. गंडमच्या चिलखताला काही होत नाही. मग तो पहिला झाकू कापतो, त्याची अणुभट्टी फुटते, अंतराळ वसाहतीच्या भिंतीला भगदाड पडतं आणि त्यातून त्याचा सख्खा बाप बाहेर फेकला जातो. लगेच दुसरा झाकू अंगावर येतो. या वेळी पोरगा अणुभट्टी टाळून नेमकं कॉकपिट भोसकतो. मी नातवाला तिथे थांबवायला लावलं. एवढी भयंकर चूक करून तो जिवंत राहिला, म्हणूनच दुसऱ्यांदा त्याला बरोबर करता आलं. ही दुसरी संधी त्याला पत्र्याने दिली. तोच मुलगा त्या दिवशी झाकूत बसला असता तर मालिका एका भागाची झाली असती.

दुसऱ्या भागात शत्रूचा नावाजलेला पायलट शार येतो. आमुरोचा एक नेम धड बसत नाही, शार चुकवत चुकवत जवळ येतो आणि लाथा घालतो. पण त्याच्याही गोळ्या चिलखतावर फुकट जातात. आणि मग गंडमच्या बीम रायफलचा एकच फटका त्याच्या साथीदाराचा झाकू पार उडवून देतो. शार काय करतो? निघून जातो. मला मुरलेल्या माणसाची हीच ओळख वाटते. त्याला मागे फिरायची लाज नसते. तुमचा काका पान ३१ वर सहज मागे फिरू शकतो का, ते आधी बघा. फिरू शकत नसेल तर का नाही, तेही तुम्हाला ठाऊक हवं.

यंत्र चूक पोटात घालतं की नाही, यावर नवशिक्याचा जीव असतो. आपल्याकडे कित्येक वर्षं नवे पायलट किरणसारख्या समजूतदार जेट ट्रेनरवर शिकून मिग-२१ वर जायचे. ते उतरतानाच ताशी ३०० किलोमीटरच्या वर असायचं, विचार करायला वेळच द्यायचं नाही. मधल्या पायरीचं प्रशिक्षण विमान हवं, असं समितीने १९८२ मध्ये सांगितलं. हॉक बिदरला दाखल झालं २००८ मध्ये. मधल्या वर्षांबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

आता राल. एकोणिसाव्या भागात दोघांच्या रोबोंच्या छातीचे पत्रे फाटतात आणि वाळवंटातल्या खानावळीत भेटलेले दोघं समोरासमोर येतात. गूफ गेलाय, राल दोराला लटकून सुटतोय, आणि जाता जाता पोराला सुनावतो की तू जिंकलास ते तुझ्या यंत्राच्या जोरावर, हे विसरू नकोस. नातू म्हणाला, हरला म्हणून जळतोय. आमुरोही तेच म्हणतो. मला तर तो साधा, खरा तांत्रिक अहवाल वाटला. शत्रूने दिलेला अहवाल. आणि तोच ऐकून पोरगा कोठडीत बसून म्हणतो की मला त्या माणसाला हरवायचंय. लढाई खिशात होती तरी! लेखकाने पोराला जिंकू दिलं आणि जिंकल्याचं सुख मात्र दिलं नाही. फसवल्यासारखं न वाटण्याचं हे दुसरं कारण.

पण माझा आवडता भाग पुढचाच. रालला नवे डोम रोबो द्यायचं वरून ठरलेलं असतं. मा-कुबे नावाचा अधिकारी ते दाबून ठेवतो. अख्ख्या मालिकेत मला सगळ्यात ओळखीचा वाटलेला माणूस तो. डोम येत नाहीत, गूफ तर गेलाच, मग हा कसलेला योद्धा पायदळाची माणसं घेऊन आमुरोच्या व्हाइट बेस जहाजावर चढतो आणि तिथेच संपतो. त्याला आमुरोने मारलं म्हणायचं की स्टोअरने?

मालिका जपानची आहे, आणि तिथे हा धडा फार महागात पडला होता. १९४२ पासून त्यांनी आपले अनुभवी वैमानिक आघाडीवरच ठेवले, मरेपर्यंत. अमेरिकनांनी आपले कसलेले लोक माघारी बोलावून नव्यांना शिकवायला बसवले. १९ जून १९४४ ला फिलिपिन समुद्रावर काही महिने शिकलेली जपानी पोरं त्या शिकवून तयार केलेल्यांसमोर आली आणि एका दिवसात शेकडो विमानं पडली. त्याच महिन्यात इवो जिमाजवळ जपानी वैमानिक साबुरो साकाई, एका डोळ्याची दृष्टी गेलेला, पंधरा अमेरिकन हेलकॅट विमानांच्या घोळक्यात सापडला. त्याच्या आठवणींप्रमाणे विमानाला एकही गोळी न लागता तो परतला. अनुभव म्हणतात तो असा दिसतो, आणि कॉमिकमध्ये तो काढायला अवघड आहे हे मला मान्य.

तुमच्या काकाचं इंधन किती वेळाचं? त्याचा गुडघा मोडला तर दुरुस्त कोण करणार, कुठे? तो एकटाच का आलाय, बाकीचे कुठे आहेत? मुरलेला माणूस या प्रश्नांची उत्तरं डोक्यात घेऊनच लढत असतो. नवशिक्याला हे प्रश्न असतात हेच माहीत नसतं.

खाडीकाठची_सई

फिटरकाका (तुम्ही, पुलावरचे नव्हे), तुमचं वाचल्यावर पान २८ पासून पुन्हा काढायला घेतलंय. नॉरिसचा भागही पाहिला. तो "फक्त तीन गनटँक" वाला मुद्दा डोक्यातून जात नाहीये.

आता असं ठरतंय. काका पोरांसाठी आलेलाच नाही. खाडीत जे उच्चदाबाचे विजेचे मनोरे उभे आहेत ना, ते त्याला पाडायचेत. मनोरे पडले की मागचं सगळं शहर अंधारात, आणि त्याची माणसं अंधारातच उतरणार. इंधन तासाभराचं. पोरांना मारण्यात दहा मिनिटं घालवली तर परतीचं गणित बिघडतं.

म्हणजे तो त्यांना का सोडतो, ते सुटलं. पण मग पोरांनी काय करायचं? नुसतं बाजूला उभं राहून वाचायचं? वाचक मला जोड्याने मारतील.

नौपाड्याचा_झाकू

फिटरकाका, मान राखून भांडतो. तुम्ही सगळं श्रेय पत्र्याला दिलंत. मग त्याच यंत्रात आमुरोचे साथीदार, काय शिदेन किंवा हायातो, बसवून बघा, जमेल का? सई, पुढची दोन वाक्यं वाचू नकोस. पुढे आमुरोचे हात इतके जलद होतात की गंडमच त्याला पुरत नाही, सांध्यांवर चुंबकी लेप द्यावा लागतो. तिथे यंत्र मागे पडलंय, माणूस नव्हे.

कोलशेतचा_फिटर

झाकूराव, भांडा, पण तो लेप देणारा मोस्क हान कोण? आमच्यातलाच! पायलट तक्रार करतो, "जॉयस्टिक ओढली की उशीर लागतो", आणि कोणीतरी ती तक्रार खरी मानून सांधे उघडतो. पोराच्या गुणवत्तेला मी नाही म्हणत नाही. पण गुणवत्ता दिसायला आधी तो दहा-वीस लढायांतून जिवंत परत यावा लागतो. तेवढं काम पत्र्याचं. शिवाय गंडमचा संगणक प्रत्येक लढाईतून शिकतो, हे विसरू नका. पोरगा आणि यंत्र एकाच वर्गात बसलेले आहेत.

सईताई, पोरांनी काय करायचं ते मला विचाराल तर जमीन बघा. त्यांच्याकडे काकापेक्षा जास्त असलेली गोष्ट तेवढीच आहे. ती तिथली आहेत.

दिव्याचा_कोळी (दिवा कोळीवाडा, ऐरोली)

ताय, मी रोबोंचं कार्टून बगत नाय, पोरगी बगते, तिनंच ह्ये वाचून दाखवलं. मी खाडी सांगतो.

तुजा रोबो किती टनाचा? पोरगी बोलली तो गंडम रिकामा ४३ टन न् भरलेला ६०. मंग तो खाडीत उबा र्‍हाणारच नाय. ओहोटीला जो सपाट चिकल दिसतो ना, तिकडं मानूस मांडीपरत जातो. पाय काढायला गेला का दुसरा पाय आत. निवट्या पकडायला जानारी आमची बायका-मानसं कुटं पाय टाकायचा ते बगून टाकतात, न् ते शिकायला बालपन जातं. पुलाच्या दोन्ही अंगाला तिवरं, त्याच्या म्होरं चिकल, मदे पान्याची वाट. ती वाट सरळ नाय.

पानी कवा येनार ते सोप्पं हाय. तिथीला पावनपट कर. चवथ आसंल तर तीन वाजता भरती. पुनवंला, आवसंला बाराच्या आसपास, मंग सांजच्याला साच्या सुमाराला पूर्ण सुकती. खाडीत आत पानी वाईच उशिरा पोचतं, तेवडं धरून चाल. पुनवं-आवसंला उधान, तवा चिकल लय लांबवर उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पानी, तवा ना धड भरती ना धड ओहोटी.

तुजी पोरं ऐरोलीची आसतील तर त्यांना ह्ये ठावं पायजे. नसंल ठावं तर ती ऐरोलीची नाय.

नौपाड्याचा_झाकू

जबरदस्त! म्हणजे काका मनोऱ्याकडे निघतो, चिखलात रुततो, पोरं वरून हाणतात. झालं की!

कोलशेतचा_फिटर

नाही झालं. चिखलात रुतेल तो नवशिका. ज्याची हयात लढाईत गेली तो साठ टनांचं ओझं घेऊन ओल्या जमिनीवर पाय ठेवेल? एक दगड टाकून बघेल, रंग बघेल, बगळा कितपत बुडालाय ते बघेल. पुलावरून उतरणारच नाही तो.

आणि त्यातच तुमची लढाई आहे, सईताई. चिखल काकाला अडकवत नाही, पण काका कुठे उभा राहील ते आधीच सांगून टाकतो. मनोरे पाडायचे तर नेम धरायला त्याला टणक जागा हवी. पूर्ण ओहोटीला तशी जागा पूल सोडून दुसरी नाही, आणि पुलावरही मनोरे समोर येतात असे दोन-तीनच टप्पे असतील. तुम्ही ऐरोलीत राहता, स्वतः जाऊन बघा. राल काय, नॉरिस काय, त्यांचा सगळा जोर पुढच्या क्षणी मी कुठे असेन हे कोणाला कळू न देण्यात होता. काकाचा तेवढा एक जोर खाडीने काढून घेतला. बर्नीने झाडीत हेच केलं ना, झाकूराव? पोरांना काकाइतकं चांगलं लढायला नको. काका येण्याआधी त्या दोन-तीन जागांपाशी काहीतरी करून ठेवायला हवं, बस. हरतील तरीही बहुतेक. एखादा मनोरा वाचवतील.

खाडीकाठची_सई

एकच मनोरा वाचतो. हो. ठरलं.

थोरलीला पुलाचे जोड माहीत आहेत, कारण तिचे बाबा त्या टोलनाक्यावर कामाला होते. ती आदल्या रात्री दोन जोड सैल करून ठेवते. काका पहिल्या जोडावर पाय ठेवतो आणि थांबतो. त्याला कळतं. दुसरा जोडही तो बरोबर ओळखतो आणि ओलांडून जातो. पण ओलांडायला पाऊल लांब टाकावं लागतं, त्या एका क्षणी तो कुठे असणार हे धाकट्याला माहीत असतं, आणि त्याची एकुलती एक गोळी काकाच्या खांद्याला लागते. काका पडत नाही. तीन मनोरे पाडतो, चौथ्याला हात उचलत नाही, घड्याळ बघतो आणि निघतो. जाताना रेडिओवर काय बोलतो ते अजून सुचलेलं नाही. रालसारखं काही बोलायला लावलं तर झाकू मला सोडणार नाही.

मधला पोरगा मात्र चिखलात उतरलाच. कितीही सांगितलं तरी एक जण उतरतोच. त्याला पान ४० पर्यंत कंबरेइतका रुतवून ठेवतेय, वर भरती चढतेय.

दिव्याचे दादा, पौर्णिमा धरली आहे, लढाई संध्याकाळी सहाला. काकाच्या मागे फ्लेमिंगोंचा गुलाबी थवा उडतोय असं पानभर चित्र आहे. बरोबर ना?

दिव्याचा_कोळी

पुनव बराबर. साला सुरू कर, पानी परत चडायला लागंल तवा मदला पोरगा वरडंल.

पन पान १२ वर तू छत्र्या काढल्यास, पोरगीनं दाखवलं. पावसात फ्लेमिंगो कुटून आनलास? ते थंडीत येतात, पावसाच्या आदी जातात. एक तर छत्र्या काढ नायतर पक्षी काढ. न् आवडत आसतील तर बगळे ठेव, ते बाराही म्हयने हायेत.